पालथं बसायची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण माझ्यावर हौसेनं कुणी बसत नाही. माझ्यावर छाती टेकून, गोल उशीत तोंड खुपसून, जमिनीकडे बघत राहायचं असतं. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात मी डोळ्यांच्या पेशंटांकडे भाड्यानं जाते. लोक मला शिव्या देतात आणि बरे झाले की विसरतात. असो.

डेल्फीन आर्चुलेटाला मात्र मी विसरणार नाही. वर डोंगरातल्या गावात ती शाळेची बस चालवायची. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलं आणि समोरच्याचं नाक-तोंडच दिसेना. मी दवाखान्याच्या कोपऱ्यात उभी होते. डॉक्टर हॉगनबाई समजावत होत्या, "डोळ्यात वायूचा फुगा भरला तर एका ऑपरेशनात काम होतं. पण फुगा भोकावर टेकून राहावा म्हणून पालथं राहायचं, आणि तो विरेपर्यंत विमान बंद. तेल भरलं तर एवढं पालथं राहायला नको, पण ते काढायला दुसरं ऑपरेशन, आणि तोवर धूसर दिसणार."

"एकदाच काय ते उरकू दे," डेल्फीन म्हणाली. "आणि विमान? आमच्या सात पिढ्यांत कुणी बसलं नाही!"

खुर्ची डोंगरात पोचवत नाहीत, म्हणून तिच्या नवऱ्यानं, एलिसेओनं, दवाखान्याच्या कागदावर घरचा पत्ता म्हणून मुलीचा शहरातला पत्ता ठोकून दिला होता. ऑपरेशननंतर दोघं तिथेच राहिलीही. पण चारच दिवसांत डेल्फीन हट्टाला पेटली.

"या खुराड्यात जीव गुदमरतो माझा. घरी ने."

"चल की! गाडीनंच तर जायचंय," एलिसेओ हसला. त्यानं मला व्हॅनमध्ये दोरानं करकचून बांधलं आणि तिला माझ्यावर पालथं बसवलं.

घाट लागला तशी ती कण्हायला लागली. माझी उशी घामानं भिजली.

"एलिसेओ, डोळा ठणकतोय रे."

"खिंड आलीच. पलीकडे उतारच आहे." डोंगरातली माणसं ती, इंजिन तापलं तरी खिंड ओलांडूनच थांबायची.

"अरे, फुटतोय डोळा! उजेडसुद्धा दिसत नाही. फिरव मागे!"

भीतीनं माझा जीव अर्धा झाला. वाचा असती तर मीही ओरडले असते. त्यानं कचकन ब्रेक मारला आणि गाडी वळवली. उतरता उतरता ठणका कमी झाला, अंधुक उजेड परत आला.

मला तिच्याबरोबरच दवाखान्यात आत नेलं. डॉक्टरबाईंनी डोळा तपासला आणि कपाळाला हात लावला. "अहो, उंचावर तो वायू फुगतो आणि डोळा आतून दाबतो, मग विमान काय नि घाट काय! तेल फुगत नाही. तुमचं घर डोंगरात आहे हे कळतं, तर मी तेलच सुचवलं असतं."

"पत्ता मीच दिला," एलिसेओ पुटपुटला. "खुर्चीसाठी."

पुढे भोक बुजलं. डेल्फीनला नवऱ्याचा चेहरा पुन्हा दिसू लागला. पण घाटातल्या त्या दाबानं डोळ्याच्या कडेला काळोख राहिला तो राहिलाच, आणि बस काही तिला परत मिळाली नाही.

मित्रांनो, डॉक्टरांना दुखणं सांगता, तसं घरही खरं सांगा. खुर्ची काय, दुसरी मिळते हो.