चाळिसाच्या वेगाने लोणीला

सोलापूर रस्त्यावर कादंबरीच्या गाडीला रिक्षावालेसुद्धा मागे टाकून जात होते. आणि गाडी कसली, तर परदेशी, टर्बोवाली, आत बसलं की बाहेरचा आवाज येणार नाही अशी. एवढा रुबाब, आणि चाल वरातीची!

दोष सेन्सरचा. सायलेन्सरमधून जाणारा धूर किती गरम आहे ते मोजणारा एवढासा सेन्सर बिघडला होता. इंजिन गारच, पण सेन्सरला वाटत होतं भट्टी पेटलीय. मग गाडी आपली जीव मुठीत धरून चालायची. चाळिसाच्या वर कितीही दाबा, ढिम्म. "पार्ट यायला वेळ लागेल मॅडम, तोवर हळू चालवा," असं गॅरेजवाल्या प्रज्ञेशने सांगून ठेवलं होतं.

"बैलगाडी घेतली असतीस तर डिझेल तरी वाचलं असतं," शेजारी बसलेले बाबा म्हणाले.

हे दिगंबरराव. त्यांनी लोणी काळभोरच्या पुढे वृद्धांसाठी असलेल्या एका वसाहतीत खोली घेतली होती, आणि कादंबरी त्यांना तिथे कायमचं सोडायला निघाली होती. सदाशिव पेठेतल्या घरात बाप-लेक दोघंच राहायची, आणि आपली कोणाला अडचण नको, हा तिथला कायदा. बाबांनी चहा घेताना कोरड्या आवाजात निर्णय सांगितला. कादंबरी म्हणाली, "बरं." अगं बाई, नका जाऊ म्हणायला काय जीभ झिजते? पण नाही. मोठ्यांनी ठरवलं की मध्ये बोलायचं नाही, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. असली कसली ही शिस्त, देव जाणे.

हडपसर मागे पडलं आणि रस्ता वेगळाच दिसायला लागला. जानेवारीची कलती दुपार. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आलेले, उन्हात चंदेरी, आणि गाडी त्यांच्यामधून होडीसारखी सरकत होती. कुठूनतरी गुळाचा वास आला. बाबांनी काच खाली केली, डोळे मिटले आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणू लागले. कितीतरी वर्षांत तिने त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. हा रस्ता संपूच नये, असं तिला फार फार वाटलं. बाबा गेले की संध्याकाळी दार उघडायला घरात कोणी नसणार.

वसाहतीची पाटी लांबूनच दिसली. एवढ्या कमी वेगात ती किती वेळ नुसती जवळ येत राहिली. पहारेकरी खुर्चीवरून उठला, फाटक उघडायला लागला. कादंबरीचा हात इंडिकेटरपर्यंत गेला आणि परत स्टिअरिंगवर आला. पाटी मागे गेली.

"फाटक गेलं," बाबा म्हणाले.

"दिसलं मला."

"या वेगात चुकलं म्हणायचीही सोय नाही."

"चुकलं नाही. मला तुम्हाला तिथे सोडायचं नाहीये, बाबा."

बाबांनी बाहेरच्या उसावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. बोलले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"रोज वाट बघत होतो. आज म्हणशील, उद्या म्हणशील, नका जाऊ म्हणून," ते म्हणाले. "आणि तू तिथे थंडी असते म्हणून मला स्वेटर घेऊन आलीस."