रुखमाबाईंच्या घरची पंगत

रुखमाबाईंनी उंबरठ्यावर बसकण मारली आणि बूट घालून निघालेल्या सुनेची वाट अडवली.

"आजपासून पळणं बंद. दोन जिवाच्या बाईनं पळू नाई."

माधवी थबकली. पोलीस भरतीची धाव तोंडावर आली होती.

"तसं काई नाई, आई. पळून पळून पाळी थांबली असंल. मैदानावरच्या पोरी म्हणतात, बरंच झालं, कटकट गेली."

"पोरी काय डॉक्टर हायेत? चाल दवाखान्यात."

सावली गावच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून मान हलवली. "बाळ नाही."

रुखमाबाईंनी उगाच पदर सारखा केला.

"पण इतके महिने पाळी न येणं चांगलं नाही. दुसरा आजारही दिसत नाही. मेहनत वाढली, खाणं वाढलं नाही. असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील. रात्री काय जेवता?"

"साऱ्यांचं झाल्यावर जेवतो जी."

"उरतं किती?"

माधवीने सासूकडे पाहिले नाही, आणि ते न पाहणेच रुखमाबाईंना लागले. सुनेने शेवटी जेवावे, ही त्या घरची शिस्त. त्यांनी ती स्वतः पाळली होती आणि ताठ मानेने पाळूनही घेतली होती.

"पळणं सोडा लागंल का?" माधवीने विचारले.

"सोडू नका. थोडे दिवस कमी करा, पोटभर जेवा आणि पुन्हा दाखवायला या."

परतताना शेजारच्या गुणाबाईंनी हटकलेच. "काऊन वं रुखमा, पेढे कधी?"

"भरतीचा निकाल लागू दे. मंग देतो."

संध्याकाळी मुलगा राजदीप हात धुऊन पाटावर बसला. त्याच्या पुढ्यातले वाढलेले ताट रुखमाबाईंनी उचलले आणि माधवीला हाक मारली.

"बस."

"मी मंग बसतो, आई."

"बस म्हणलं ना."

"अन् मी?" राजदीपने विचारले.

"तू का भरतीसाठी पळून राह्यला? तुले थांबता येते."

माधवी संकोचून बसली. भात, वरण, दोन अंडी. ताट रिकामे होताच तिने त्यावर हात आडवा धरला. "पुरे, आई."

रुखमाबाई भाताने भरलेला डाव धरून तशाच वाकून उभ्या राहिल्या. त्यांच्या कंबरेला वाकणे सोसत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. त्या हलल्या नाहीत.

माधवीने हात बाजूला घेतला.