लाल फितीचा बोकड

मोरुपच्या दुर्बिणीवर माझा पहिल्यापासून राग. आम्ही हिवाळाभर शेळ्या राखतो, हा हिमबिबट्या राखतो! परदेशी पाहुणे येतात, त्यांना हा डोंगरात बसलेला बिबट्या शोधून देतो आणि मग दिवसभर गावात मिरवतो. आमच्या शेळ्या खाणाऱ्याचे इतके लाड कशासाठी, हे मला कधी कळलं नाही.

गावात राखणीचे वार ठरलेले असतात. आज एका घरानं सगळ्यांची जनावरं डोंगरावर न्यायची, उद्या दुसऱ्यानं. संध्याकाळी कळप खाली आला की शेळ्या आपापल्या घरी आपणहून जातात. सोमवार माझा होता. रिमारच्या घळीत एका खडकापाशी फोनला रेंज येते, तिथं लेहहून लेकीचा फोन आला. तिला दिवस गेलेत! मी घाईघाईनं कळप हाकत घरी आले, अंधारात गोठ्याचं दार ओढलं आणि चुलीपाशी बसलेल्या नवऱ्याला, त्सेपलना, बातमी सांगितली.

मंगळवार मोरुपचा. त्या संध्याकाळी आमचा पांढरा बोकड घरी आला नाही.

तो साधा बोकड नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्सेपलना धाप लागायला लागली, तेव्हा लामांनी मंत्र म्हणत या बोकडाच्या कानात लाल फीत ओवली होती. असा सोडलेला जीव कोणी कापत नाही. तो जगला की आपलं माणूस जगतं, असं आम्ही मानतो. त्सेपल रोज सकाळी त्याला स्वतःच्या हातानं सातूचं पीठ चारायचे; मंगळवारी मात्र धाप वाढली म्हणून ते अंथरुणातच होते आणि शेळ्या मीच अंधारात सोडल्या होत्या.

"आचे कुंजेस, तुमचा बोकड सकाळी कळपात नव्हताच," मोरुप मला म्हणाला. आमच्याकडे थोरल्या बाईला आचे म्हणतात, थोरल्या पुरुषाला आचो.

"मग काय, पंख फुटले त्याला?"

बुधवारी यानं पाहुण्यांना बिबट्या दाखवला. कुठं, तर रिमारच्या घळीत, ताज्या शिकारीवर बसलेला. आता यात न कळण्यासारखं काय आहे?

संध्याकाळी गोबांच्या, म्हणजे गावच्या मुखियांच्या, घरी सगळे जमले. मी मोरुपला तोंडावर विचारलं, "पाहुण्यांसाठी माझा बोकड बांधलास ना तिथं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात धापा टाकत बसलेल्या त्सेपलकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बघा, वाचा बसली!" मागून कोणीतरी म्हणालं.

गोबा म्हणाले, "शुक्रवारी काय ते ठरवू. दोष निघाला, तर तुझं घर राखणीतून बाहेर." म्हणजे मोरुपच्या वीस शेळ्या कोणी डोंगरावर नेणार नाही. त्या विकायच्या, आंधळ्या आईला मागं ठेवायचं आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं. मला जराही वाईट वाटलं नाही.

बांधला असेल तर दोर असणारच. गुरुवारी सकाळी एकटीच घळीत गेले. बिबट्या निघून गेला होता. बर्फावर उपटलेले केस विखुरले होते, कोथळा तसाच बाजूला पडला होता. मुंडकं होतं, कानात फीत होती. आणि मानेपासून खडकापर्यंत दोर होता. सापडलास मोरुप, असं मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा.

मग दोर हातात घेतला. याकच्या केसांचा, काळा-पांढरा, त्सेपलनी वळलेला. खडकाला मारलेली गाठ माझी होती.

फोन वाजला, तेव्हा बोकड कड्याकडे निघाला होता. "थांब रे मेल्या," म्हणत मीच त्याला बांधलं होतं. मग लेकीनं बातमी दिली आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. मी तिथंच बर्फात बसले आणि हमसून हमसून रडले.

गाठ न सोडता दोर खडकावरून ओढून काढला आणि खाली आल्यावर थेट मोरुपच्या दारात गेले. माझ्या हातातला दोर बघून त्याला नवल वाटलं नाही.

"दुर्बिणीतून बुधवारीच दिसला मला," तो म्हणाला. "असा दोर गावात आचो त्सेपलशिवाय कोण वळतं?"

"मग बोलला का नाहीस?"

"त्यांच्यासमोर बोलू? त्यांच्या आयुष्याचा बोकड त्यांच्याच बायकोनं बिबट्यापुढं बांधला म्हणून?"

"अरे, विसरले मी!"

 माझी नजर चुकवत तो म्हणाला, "मला वाटलं, आजारपण काढून काढून कंटाळला असाल."

असं वाटलं, कोणीतरी थोबाडीत मारली. पण तीन दिवस मी त्याच्याबद्दल काय काय बोलत होते?

शुक्रवारी दोर गोबांपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. मोरुपचं घर राखणीत राहिलं. माझ्याकडे मात्र कोणी सरळ बघेना. त्सेपलनी दोर उचलला, बराच वेळ गाठ चाचपली.

"विसरलीस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर मी नेहमीसारखा लोणी घालून चहा केला आणि वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओठांपर्यंत नेली, थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि मगच पहिला घोट घेतला.