कोनाड्यात तोंड घातलेला क्रूस

मित्रांनो, मी एक जुना सागवानी क्रूस आहे. उंची हातभर, वजन बेताचे, तोंड कॅथलिक आणि पाठ प्रॉटेस्टंट. हसू नका, सांगतो कसे ते.

मी मूळचा शीळफाट्याकडच्या रानातला. ज्या सागापासून मी झालो, त्याच्या बुंध्याला वाघ पाठ खाजवायला येत आणि खाजवून झाले की नम्रपणे निघून जात. खोटे वाटत असेल तर वाघांना विचारा. पुढे ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्या पास्कू सुतारांनी त्या लाकडाचा पलंग केला आणि उरलेल्या तुकड्यातून मला घडवले. माझ्या अंगावर त्यांनी येशूची वीतभर पितळी मूर्ती ठोकली. त्या घरात माझा मान मोठा होता. पास्कूंची मुलगी नतालबाई रोज संध्याकाळी माझ्यापुढे मेणबत्ती लावी, हातात जपमाळ घेई आणि माझ्याकडे टक लावून सगळ्या तक्रारी सांगे. कोंबडी अंडे देईनाशी झाली, तरी ते आधी माझ्या कानावर येई.

१९५१ साली नतालबाईंची लेक रेजिना कल्याणच्या उत्तमची बायको झाली. उत्तम रेल्वेत कारकून आणि घराणे प्रॉटेस्टंट. दोन्हीकडच्या धर्मगुरूंनी कपाळाला हात लावला, पण पोरांनी ऐकले नाही. खरी पंचाईत माझी झाली. नतालबाईंनी मला लेकीच्या ट्रंकेत घातले आणि बजावले की ज्या घरात हा नाही, तिथले पाणी मी घेणार नाही. इकडे उत्तमचे वडील सहदेवमास्तर. त्यांच्या चर्चमध्ये क्रूस असे तो रिकामा, मूर्तीवाचून. मूर्तीपुढे प्रार्थना म्हणजे दहा आज्ञांचा भंग, असे त्यांचे ठाम मत. घरात मूर्ती लागली, तर आपण धाकट्या मुलाकडे नगरला निघून जाऊ, असे त्यांनी शांतपणे सांगून ठेवले. रेजिनाला आईही हवी होती आणि मास्तरही. सासू नसलेल्या त्या घरात मास्तरच तिच्या सोबतीला चुलीपाशी बसत आणि भाकरी कशी फुगते ते विचारत.

उत्तमने युक्ती काढली. भिंतीत एक उथळ कोनाडा होता. त्याच्यावर त्याने मला सुतळीने टांगले, तोंड आत आणि पाठ बाहेर. मूर्ती कोनाड्यात मावली. बाहेरून मी कसा? साधा, सपाट, मूर्तीविना. मास्तर फिरायला गेले की रेजिना मला वळवी, प्रार्थना करी आणि ते यायच्या आत पुन्हा उलटा करी.

मास्तर माझ्यावर बेहद्द खूश. सुनेने आपल्या शब्दाखातर मूर्ती सोडली, असे त्यांना वाटले. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना घरी आणून ते माझी पाठ दाखवत आणि म्हणत, "याला म्हणतात क्रूस. लपवाछपवी नाही, थाटमाट नाही." मी कोनाड्यातल्या कोळ्याकडे बघत राही. मूर्तीवर काळपट थर चढला होता. त्याहून वाईट म्हणजे रोज वळून वळून सुतळी झिजत चालली होती, आणि हे ठाऊक होते फक्त मला.

एके दिवशी नतालबाई न कळवता आल्या. भिंतीवरची माझी पाठ बघून त्यांनी लेकीने दिलेला पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला. रेजिनाने घाईघाईने मला वळवले आणि तेवढ्यात मास्तर दारात उभे राहिले.

रेजिनाच पुढे होऊन म्हणाली, "मामंजी, तुम्ही जाऊ नका. मी फसवलं तुम्हाला. पण कोऱ्या लाकडाकडे बघून मला देवाशी बोलताच येत नाही हो."

"रोज वळवतेस?"

"रोज."

मास्तर पुढे आले. आता हे मला काढून अंगणात ठेवणार, असे मला वाटले. त्यांनी चष्मा वर केला आणि सुतळीवरून बोट फिरवले. एकच पेड उरला होता.

"उत्तम," त्यांनी हाक मारली, "पक्का खिळा आण. हे कुणाच्या तरी डोक्यात पडेल."

खिळा आला. उत्तमने भीत भीत विचारले, "तोंड कुणीकडे करू, बाबा?"

"तिच्याकडे कर. मी डोळे मिटून प्रार्थना करतो. भिंतीवर काय आहे, त्यानं माझं काय अडतं?"

"मना तर डोलं उघडंच लागतात, मास्तर," नतालबाई म्हणाल्या. "सगल्यांनीच मिटलं, तर घरान जागं कोन रंवल?"

मास्तर मिशीत हसले. नतालबाईंनी पेला उचलला.

तेव्हापासून मी सरळ आहे. मूर्ती चिंचेने घासून लख्ख होते. नतालबाई आल्या की संध्याकाळी एक जण डोळे मिटून आणि एक जण डोळे उघडे ठेवून माझ्यासमोर असतात. आमेन म्हणण्याआधी मास्तर एक डोळा किलकिला करून वर बघतात, हे मी कुणाला सांगितलेले नाही. खिळा हलला तर नाही ना एवढेच बघतो, असे ते म्हणतील.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी जीव लावलेले काहीतरी भिंतीवर टांगलेले असेल. ते तुम्हाला पटत नसेल, तर नका हात जोडू. पण येता-जाता त्याची सुतळी तेवढी बघत जा.