मळवट भरताना येणारी देवी

दर मंगळवारी साखराबाईच्या अंगात देवी येते म्हणून हदगावजवळच्या आमच्या गावी देवळापुढं पाय ठेवायला जागा नसे. विरूपाक्ष महाराज मळवट भरण्यासाठी म्हातारीची मान मागं कलती करीत. कपाळभर हळदकुंकू चढेपर्यंत तिचे डोळे झटके देऊ लागत, हात हवेत आधार शोधत.

"माहूरगडावरून निघाली, थेट इथं उतरली," महाराज गर्जत. "आता माझ्या मंत्रानं शांत होईल."

मंत्र संपता संपता ती खरंच शांत होई. लोक महाराजांच्या पाया पडत.

"गुरुजी, मला गरगरतंय हो. देवी न्हाई ती," साखराबाई मला म्हणाली होती. पण देवीनं काय बोलायचं, ते महाराज ठरवत.

तिची नात ऋतुजा माझ्याकडं शिकायला येई. एकदा ती म्हणाली, "आजी दोरीवर लुगडं टाकाया वर बघती, तवा बी देवी येती. कूस बदलली तरी येती. देवीला दुसरं काम न्हाई का, गुरुजी?"

मी तिच्या बापाला, दयानंदला गाठलं. "आईला नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडं ने."

"नेतो की. येवढा मंगळवार होऊ द्या. गाव काय म्हणंल?"

त्या मंगळवारी महाराजांनी म्हातारीला मळवट भरल्या भरल्या डोक्यावर कलश देऊन देवळाच्या पायऱ्या उतरायला लावलं. ऋतुजा हात धरायला धावली.

"सर मागं. देवीला आधार लागत न्हाई," महाराज ओरडले.

साखराबाई पायऱ्यांवरून कोसळली. डोक्याला मार लागला. नांदेडला पोचेपर्यंत ती गेली. 'देवीनं नेलं' म्हणत महाराजांनी गाव सोडलं.

आजीचे दिवस-कार्य झाल्यावर ऋतुजा पुन्हा शिकायला आली. मी पाण्याच्या बाटलीत चिमूटभर वाळू टाकून ती मुलांसमोर कलती केली.

"कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांत पाण्यासारखा द्रव. कानातलेच चुन्यासारखे बारीक कण जागा सोडून तिथं शिरले की मान कलती होताच ते असे घरंगळतात. मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय. म्हणून डोळे झटके देतात. मिनिटभरात कण खाली बसतात. महाराजांचा मंत्र तेवढाच लांब होता."

"औषध काय?"

"बहुतेकदा गोळीही लागत नाही. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमानं वळवून कण जागेवर नेतात. पण चकरेसोबत जीभ जड झाली, हातपाय लुळे पडले, तर दुखणं मेंदूचं असू शकतं. तेव्हा क्षणभरही थांबायचं नाही."

"म्हंजे आजी बरी झाली असती?"

"हाव, बाळा."

ऋतुजानं बाटली उचलून पुन्हा कलती केली. "आजी तर सांगत होती," ती म्हणाली.

देवळात जायचं तर जा. पण आजारी माणूस आपलं दुखणं सांगतो, तेव्हा आधी त्याचं ऐका आणि त्याला दवाखान्यात न्या. साखराबाई खरं बोलत होती.