छकुलीच्या नावापुढचा लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कॉलेजच्या कार्यालयात, खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. जुना म्हणजे किती, तर सकाळी माझे बटण दाबून मंडळी चहाला जातात आणि परत येतात, तेव्हा मी नुकताच डोळे चोळत असतो. माझ्या कळफलकावरची निम्मी अक्षरे पुसली गेली आहेत आणि माझा पंखा दिवसभर घुं घुं करतो. पण मला हसू नका हं! एके काळी मी या कॉलेजचा ज्योतिषी होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझे शेकडो भाऊ माझ्याबरोबरच तयार झाले. कोणी बँकेत गेला, कोणी दवाखान्यात. मला थर्माकोलच्या दुलईत गुंडाळून इथे आणले. पहिली काही वर्षे मी नुसते दाखले आणि पावत्या छापल्या. काम चोख, पण कौतुक शून्य. छपाई नीट झाली तर हेडक्लार्ककाका हुशार आणि कागद अडकला तर मी गाढव, असा सगळा न्याय होता.

मग माझ्या आयुष्यात संख्याशास्त्राच्या मॅडम आल्या. चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग तोच सगळ्या टेबलभर शोधायचा, ही त्यांची खोड. त्यांना एका गोष्टीची फार रुखरुख होती. दर वर्षी काही मुले मध्येच कॉलेज सोडून जात आणि ती गेल्यावरच सगळ्यांना कळत असे. मॅडमनी मला मागच्या वर्षांची सगळी माहिती शिकवली. कोण किती तासांना हजर होता, कोणाला किती गुण होते, कोण प्रयोगशाळेत यायचा बंद झाला, आणि शेवटी कोण गेला. ते सगळे पचवून मी नव्या मुलांच्या नावांपुढे ठिपके देऊ लागलो. टिकणाऱ्याला हिरवा, डळमळणाऱ्याला पिवळा आणि कॉलेज सोडण्याच्या बेतात असलेल्याला लाल.

पहिल्या वर्षी मी लाल दाखवलेली बहुतेक मुले खरोखरच गेली. काय सांगू मित्रांनो, माझा केवढा उदो उदो झाला! "यंत्राने सांगितलं तस्संच झालं बघा," असे म्हणत प्राध्यापक मंडळी मला पाहायला येत. प्राचार्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. फक्त मॅडम तेवढ्या खूश नव्हत्या. "अहो, पण ती मुलं गेलीच ना," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी हेडक्लार्ककाकांना वाटले की आपणही काहीतरी करावे. माणूस मनाचा अगदी लोण्यासारखा, पण हात कार्यालयीन! त्यांनी कोणालाही न विचारता लाल ठिपक्यांच्या घरी एक-एक पत्र धाडले. 'आमच्या यंत्राच्या अंदाजानुसार आपला पाल्य शिक्षण अर्धवट सोडण्याची दाट शक्यता आहे. कृपया नोंद घ्यावी.' खाली ठसठशीत शिक्का.

लोकांनी नोंद घेतली. चारच दिवसांत एक गृहस्थ कार्यालयात आले. घड्याळे दुरुस्त करण्याचे त्यांचे छोटेसे दुकान होते. मागे त्यांची मुलगी मान खाली घालून उभी होती. पहिल्या वर्षाला होती ती.

"आमच्या छकुलीचा दाखला द्या," ते म्हणाले.

"बाबा, इथे छकुली नका ना म्हणू," ती पुटपुटली. पण माझ्या कानावर पडले ते पडलेच. तेव्हापासून माझ्यासाठी ती छकुलीच.

काका गडबडले. "अहो, पण दाखला कशाला? वर्ष तरी संपू द्या."

"तुमच्याच यंत्रानं सांगितलंय ना, ही टिकायची नाही म्हणून? मी जन्मभर यंत्रांतच बसलोय साहेब. माणूस खोटं बोलेल, यंत्र नाही बोलायचं. नापास होऊन रडत येण्यापेक्षा आत्ताच हसत घरी आलेली बरी. दुकानात बसेल माझ्याबरोबर. हात चांगला आहे तिचा."

छकुली काही हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी तरळले होते. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. ही पोरगी स्वतः जात नव्हती, माझ्या एका ठिपक्यामुळे तिला नेले जात होते! आणि मी? मला बोलता येत नाही. मी आपला घुं घुं करत राहिलो.

काकांनी दाखल्याचा कोरा कागद माझ्या शेजारच्या छपाईयंत्रात घातला. तेवढ्यात मॅडम आत आल्या. सगळा प्रकार ऐकून त्यांनी आधी काकांकडे असे पाहिले, की काकांनी कागद परत बाहेर काढला. मग त्या छकुलीच्या वडिलांना म्हणाल्या, "तुमच्याकडे मागे पडणारं घड्याळ आलं, तर तुम्ही ते फेकून देता का हो?"

"छे! फेकायचं कशाला? उघडून बघतो काय अडकलंय ते."

"मग आपण आधी बघू तरी, काय अडकलंय. यंत्रानं एवढंच सांगितलंय की मुलगी मागे पडतेय. का, ते त्याला कुठं ठाऊक आहे?"

वडील डोके खाजवत बाकावर टेकले. मॅडमनी छकुलीला जवळ घेतले. "बाकीच्या तासांना येतेस की. मग रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत का येत नाहीस?"

छकुली म्हणाली, "एकटी येऊन काय करू?"

हळूहळू सगळी हकिकत बाहेर आली. प्रयोगशाळेत प्रयोग दोघादोघांनी करायचे असतात. एकीने नळी तापवायची, दुसरीने वेळ आणि मोजमाप लिहायचे. छकुलीची जोडीदारीण घरच्यांबरोबर दुसऱ्या गावी निघून गेली. "बघू, लावतो कुणाबरोबर तरी," असे सर म्हणाले आणि विसरले. बाकीच्यांच्या जोड्या आधीच ठरलेल्या. छकुली काही आठवडे नळापाशी उभी राहून दुसऱ्यांच्या काचनळ्या धूत होती. मग तिने जाणेच सोडले.

"अगं वेडे, मग सांगायचं ना!" वडील म्हणाले.

"काय सांगू बाबा? मलाही खेळायला घ्या म्हणून?"

मॅडमनी तिथूनच रसायनशास्त्राच्या सरांना फोन लावला. "हिला एखाद्या जोडीत तिसरी म्हणून घ्या की." पलीकडून सर म्हणाले, "मॅडम, जोडी म्हणजे दोघंच."

"असा नियम आहे का?"

"नियम असा नाही... पण एका टेबलाला दोनच स्टुलं आहेत ना!"

मॅडमनी कपाळाला हात लावला, तेव्हा त्यांना चष्माही सापडला. काका मात्र ताडकन उठले. आपल्या पत्राचा प्रताप त्यांना चांगलाच झोंबला होता. त्यांनी कार्यालयातले एक स्टूल उचलले, डोक्यावर घेतले आणि तरातरा प्रयोगशाळेकडे निघाले. मागून छकुली, तिच्यामागून वडील. ती वरात खिडकीतून मी डोळे भरून पाहिली.

पुढे मॅडमनी लाल ठिपक्यांच्या एकेका मुलाला बोलावून विचारपूस केली. कोणाचे काय अडले होते, कोणाचे काय. पण छकुलीसारखी, जोडीदार गेल्यामुळे एकटी पडलेली मुले बरीच निघाली. एक गेला की त्याच्यामागून दुसरा गळत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. काकांच्या फेऱ्या सुरू झाल्या. कार्यालयातली स्टुले प्रयोगशाळेत गेली, बाक वर्गात गेले. कामासाठी आलेले लोक उभेच राहू लागले, आणि कोणी कुरकुर केली की काका सांगत, "आमचं फर्निचर शिकायला गेलंय!"

त्या वर्षी लाल ठिपक्यांतली अगदी थोडी मुले गेली. बाकी सगळी राहिली. आणि मित्रांनो, तिथेच माझे ग्रह फिरले. वरच्या कार्यालयातून एक तपासणी अधिकारी आले. कार्यालयात उरलेल्या एकुलत्या एका स्टुलावर बसून त्यांनी माझे ठिपके तपासले.

"हे काय? यंत्राने सांगितलं एवढी जाणार, आणि गेली मूठभर. भाकीत साफ चुकलंय. बंद करा हे धूड."

झाले! कालचा ज्योतिषी आज भंगार. काकांनी जड हाताने माझ्यावर घालायला कापड काढले. मॅडम काहीतरी बोलणार, तेवढ्यात दारातून धापा टाकत छकुली आली.

"काका, अजून एक स्टूल हवंय! शेजारच्या टेबलावरचा मुलगा एकटा पडलाय, त्याला आम्ही आमच्यात घेतलंय."

अधिकाऱ्यांनी विचारले, "ही कोण?"

"ही यंत्राची चूक आहे, साहेब," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी पडद्यावर पाहिले. छकुलीच्या नावापुढे लालभडक ठिपका होता. त्यांनी तिच्याकडे पाहिले. तिच्या एप्रनवर कसलासा निळा डाग पडला होता आणि चेहरा घामाने चमकत होता.

"तू कॉलेज सोडणार होतीस?"

"हो सर. बाबा दाखला न्यायलाच आले होते."

"आणि आता?"

"आता कसं सोडणार? तिकडे दोघं नळी तापवून बसलीत, मला जायला हवं!"

अधिकारी उठले, आपल्या बुडाखालचे स्टूल त्यांनी उचलले आणि तिच्या हातात दिले. उरलेली सगळी तपासणी त्यांनी उभ्याने केली. काकांनी माझ्यावर घालायला काढलेले कापड घडी घालून खणात टाकले.

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. कधी तरी नवा संगणक येईल आणि मला अडगळीत जावे लागेल, त्याचे थोडे वाईट वाटते. तोवर माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा, पंख्याला बरे वाटते. पण माझी खरी विनवणी वेगळीच आहे. तुमच्या शेजारची जागा रिकामी दिसली, तर ती का रिकामी आहे ते विचारा. थोडे सरकून बसा. एखाद्या यंत्राने कोणाच्या नावापुढे लाल ठिपका दिला, तर मान डोलावून गप्प बसू नका. आधी त्याच्या घरी जा, त्याला हाताला धरून घेऊन या, आणि मला खुशाल खोटे पाडा.