भिंतीवर टांगायची बंदूक

शंतनूचं नाव निघालं की प्रतापचं डोकं फिरायचं. म्हणून मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनातल्या त्याच्या घरी ते नाव कुणी काढतच नसे. एकेकाळी हे दोघे पुण्याहून एकाच वर्षी मेलबर्नला शिकायला आले, एका खोलीत राहिले, एकाच कुकरमधला भात खाल्ला. पुढे प्रताप मेकॅनिकलची डिग्री गुंडाळून आयटीत शिरला आणि शंतनू डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात वेल्डिंग तपासणारा इन्स्पेक्टर झाला. भांडण नोकरीवरून नव्हतं, घरावरून नव्हतं. ते झालं बंदुकीवरून.

दोघेही एका हौशी क्लबात होते. शहराबाहेरच्या माळावर जुने गणवेश चढवून जुन्या लढाया उभ्या करायच्या, गोळी न घालता नुसती दारू भरून बार काढायचे, असा तो क्लब. बंदुका अर्थातच नव्या, जुन्या नमुन्यांवरून बनवलेल्या. युरोपातून आलेल्या बंदुकीवर तिथले लोक मायेने हात फिरवायचे. भारतातून आलेली दिसली की म्हणायचे 'वॉल हँगर', म्हणजे भिंतीवर टांगायच्या लायकीची. हा शब्द ऐकला की प्रतापच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गेल्या वर्षी त्याने हौसेने भारतातून एक चकमकीची, म्हणजे घोड्यात बसवलेल्या गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारी बंदूक मागवली. क्लबच्या वतीने ती तपासायला बसला शंतनू. स्प्रिंग मऊ, घोडा ढिला, लाकडाच्या भेगा मेण भरून लपवलेल्या, असं एकेक त्याने सगळ्यांसमोर बाहेर काढलं. सगळं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. वर शेवटी तो हसून म्हणाला, "मेट, हॉलमध्ये छान दिसेल." माळावरचे सगळे गोरे खदखदले. परक्यांनी हसावं एकवेळ, पण आपल्याच माणसाने त्यांना हसायला विषय द्यावा, हे प्रताप विसरला नाही. विसरायची त्याची इच्छाही नव्हती.

यंदा त्याने भारतातूनच दुसरी बनवून घेतली. व्हिडिओ कॉल करकरून कारागिराचा जीव नकोसा केला. ही पास झाली तर क्लबच्या पुढच्या मेळ्यात पेशवाईतल्या वेशातली आपली माणसं आपल्याच बंदुका घेऊन उतरणार होती. शिवाय शंतनूला स्वतःच्या तोंडाने 'पास' म्हणावं लागणार होतं. खरं सांगायचं तर प्रतापला त्या मेळ्यापेक्षा या एका शब्दाची भूक जास्त होती.

बंदूक आली ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. शस्त्रपूजा आयुष्यात पहिल्यांदाच खऱ्याखुऱ्या शस्त्राची होणार, म्हणून प्रतापने मित्रमंडळींना जेवायला बोलावलं. त्याची बायको चित्रलेखा हिने त्याला न विचारता शंतनूलाही फोन केला. सणाला कुणाला वगळायचं नसतं, असं तिचं म्हणणं. प्रताप फुगून बसला, पण आता उपयोग नव्हता.

पाण्यातलं कुंकू लावू नको, लोखंड गंजेल, असं चित्रलेखाने बजावलं होतं. म्हणून प्रतापने शिलाई मशीनच्या पातळ तेलात कुंकू कालवलं आणि नळीच्या मागच्या अंगाला, दारू पेटते तिथे, पाच बोटांनी भरपूर माखलं. आरती झाली, पुरीभाजी आणि श्रीखंड झालं. मग पॉलिश कसं चमकतंय ते दाखवायला त्याने छाती फुगवून फडक्याने नळी पुसली. सगळं कुंकू निघालं. एक रेघ तेवढी राहिली, केसाएवढी बारीक आणि बोटभर लांब. त्याने ती पुन्हा पुसली, तोंडाने पाहुण्यांशी बोलणं चालूच ठेवलं. बोलता बोलता ती परत वर आली.

आयटीत गेला म्हणून मेकॅनिकलचा माणूस शिकलेलं विसरत नाही. धातूवर लाल रंग लावायचा, मुरू द्यायचा, पुसायचा. जिथे तडा असेल तिथे रंग आत शिरून बसतो आणि हळूहळू परत बाहेर येतो. ही परीक्षा त्याने कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये केली होती. शंतनू तर कारखान्यात याच्यावरच पोट भरत होता. प्रतापने पटकन झेंडूचा हार ओढून त्या रेघेवर आणला. शंतनू मागे श्रीखंडाची वाटी घेऊन कुणाशी तरी क्रिकेटवर वाद घालत होता. जाताना त्याने सोनं दिलं, चित्रलेखाचे आभार मानले, प्रतापकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापने गॅरेजमध्ये नळीवर टाल्कम पावडर भुरभुरली. पांढऱ्यावर लाल रेघ लख्ख उमटली. तिथेच विषय संपायला हवा होता. पण त्याने नळी घासली, धुतली, वर मेण चोळलं. गोळी थोडीच भरायचीय, नुसत्या दारूचा जोर तो किती, असं स्वतःला समजावलं. आणि तपासणं हे शंतनूचं काम, सापडला तडा तर सापडला. नाही सापडला तर आयुष्यभर तोंड वर करून बोलणाऱ्या या माणसाची एकदा तरी जिरेल.

क्लबात एक जुना रिवाज होता. जो बंदूक पास करेल त्यानेच तिचा पहिला बार स्वतःच्या खांद्यावरून काढायचा. प्रतापला हा रिवाज चांगला ठाऊक होता.

तपासणीच्या दिवशी माळावर बोचरा वारा होता. क्लबचा म्हातारा अध्यक्ष ग्रॅहम खुर्ची टाकून बसला. शंतनूने सुरक्षेसाठी आधी घोड्याच्या जबड्यातली गारगोटी काढली, मग स्प्रिंग दाबून बघितली, चाप ओढून बघितला, लाकडावर नख फिरवलं. नळीच्या मागच्या भागावरून त्याचा अंगठा सावकाश गेला आणि पुढे सरकला.

"पास," तो म्हणाला.

ग्रॅहमने प्रतापचा हात हातात घेऊन हलवला. ज्या शब्दासाठी वर्षभर जीव टाकला तो मिळाला, पण प्रतापचं लक्ष शंतनूच्या हातातल्या नळीवरच होतं. शंतनूने दारू ओतली, घोडा मागे ओढला, बंदूक खांद्याला लावली आणि गाल दस्त्यावर टेकवला. तडा त्याच्या गालापासून वीतभरही लांब नव्हता. प्रताप बघत राहिला. मग चापावर बोट गेलं.

"थांब." वाऱ्यात ऐकू गेलं नसेल म्हणून तो पुन्हा ओरडला, "थांब, नळीला तडा आहे."

शंतनूने शांतपणे बंदूक खाली घेतली.

"माहितेय. दसऱ्याला तू हार ओढलास, तेव्हाच दिसली मला रेघ."

"मग पास का म्हणालास?"

"तू कधी बोलतोस, ते बघायचं होतं."

त्याने बंदूक वळवून दाखवली. घोड्याचा जबडा रिकामा होता. खिशातून गारगोटी काढून त्याने ती प्रतापच्या तळहातावर ठेवली. ती त्याने परत बसवलीच नव्हती.

काय चाललंय, असं ग्रॅहमने विचारलं. शंतनूने इंग्रजीत सांगितलं की नळी तडकलेली आहे आणि ते मालकाने स्वतःहूनच सांगितलं. म्हातारा भारावलाच. असा प्रामाणिक माणूस क्लबला हवा, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत त्याने प्रतापची पाठ थोपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या वर्षी हसले होते तेच लोक.

शंतनूने नळीतली दारू गवतावर झटकली. जाता जाता तो प्रतापजवळ थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मी गाल टेकवेपर्यंत वाट बघितलीस."

प्रतापने मान खाली घातली. चापावर बोट गेल्यावरही क्षणभर आपल्याला गप्पच राहावंसं वाटलं होतं, हे शंतनूला दिसलं नव्हतं. ते फक्त प्रतापला माहीत होतं, आणि ग्रॅहम अजून त्याची पाठ थोपटत होता.